वेडावरचे औषध आधी, मेंदूची समज नंतर

ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा सेंट्रल जेलजवळ आहे. १९३५ साली, शिंदे सरकारच्या अमदानीत ती सुरू झाली. शहराच्या लश्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत तिचे नाव आजही आवाज खाली आणून घेतात. जेलशेजारची जागा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही. त्या काळी वेड लागलेल्या माणसाला बरे कसे करायचे यापेक्षा ठेवायचे कुठे, हाच प्रश्न मोठा होता.

उपचार नव्हते असे नाही, पण ते ऐकून अंगावर काटा येतो. त्याच १९३५ मध्ये लिस्बनला एगाश मोनिश या डॉक्टरांनी रुग्णाच्या कवटीला भोके पाडून मेंदूच्या पुढच्या भागात अल्कोहोल टोचवले. पुढे १९४९ मध्ये याच कामाला नोबेल मिळाले! रोममध्ये १९३८ साली विजेचा शॉक आला. शॉक आजही देतात, फक्त आता भूल देऊन. माणूस शांत का होतो, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हते. मेंदूच्या पेशी सुट्या असतात हे स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल यांनी केव्हाच दाखवले होते. पण एका पेशीचा निरोप दुसरीकडे विजेने जातो की रसायनाने, यावर तज्ज्ञांची भांडणे चालूच होती.

हे कोडे सुटायला मदत झाली ती एका मुळीची. सर्पगंधा. बिहारकडे तिला पागल बूटीच म्हणत. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचे औषध म्हणून तिच्यावर लेख लिहिला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि मग परदेशाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळीतून रेसर्पिन वेगळे निघाले. पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषधही त्याच वर्षी मनोरुग्णांना दिले गेले. वेडावर गोळी असू शकते, हेच तेव्हा नवे होते.

खरी गंमत पुढे आहे. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचले. ससे कान पाडून निपचित पडले. मग एल-डोपा दिले, तर थोड्याच वेळात कान ताठ करून हिंडू लागले. हे १९५७ साल. एल-डोपाचे शरीरात डोपामिन होते, म्हणजे मेंदूच्या एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारे रसायन. म्हणजे रेसर्पिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता आणि सशांची हालचाल त्यावरच अडली होती. कंपवाताने जखडलेला माणूस असाच दिसतो. व्हिएन्नात १९६० मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूत डोपामिन खरोखरच कमी सापडले आणि पुढच्याच वर्षी त्यांना एल-डोपा देऊन पाहिले गेले. स्किझोफ्रेनियाची औषधे डोपामिन अडवतात, हा धागाही इथूनच निघाला. ‘केमिकल इम्बॅलन्स’ हा आज कुणाच्याही तोंडी असलेला शब्द याच काळाची देणगी. तो सोयीचा आहे, पण फार ढोबळ. एका रसायनाच्या कमीजास्तीने नैराश्य समजत नाही.

गोळ्या आल्या, भिंतींच्या आतले जग मात्र सावकाश बदलले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तीन मनोरुग्णालयांवरची देखरेख राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवली.

परवा एका पंसाऱ्याकडे सर्पगंधा मागितली. “बीपी के लिए कि नींद के लिए?” त्याने मान वर न करता विचारले. नुसती बघायची आहे म्हटल्यावर नाइलाजाने बरणी पुढे सरकवली. वेडीवाकडी, मातकट मुळी. जिभेला लावली तर कडूजहर. शेजारच्या बरणीत काळपट, चकचकीत बिया होत्या. कौंच बीज, म्हणजे आपली खाजकुइली. तिच्यात एल-डोपा असते. सशांना पाडणारी मुळी आणि उठवणारे बी एकाच फळीवर, मध्ये फक्त हिंगाचा डबा.