ध्रुवावरचा बर्फ: खाली समुद्र की जमीन?

जुलै २००७ मध्ये लुईस पग हा ब्रिटिश जलतरणपटू उत्तर ध्रुवावर बर्फाच्या भेगांमधल्या पाण्यात उतरला आणि उणे १.७ अंश सेल्सिअसला एक किलोमीटर पोहला. ध्रुवावर पोहण्याइतकं पाणी मोकळं झालंय, हे त्याला जगाला दाखवायचं होतं. धाडस मोठंच. पण अशी बातमी आली की ‘आता मुंबई बुडणार’ असं लगेच बोललं जातं, आणि तिथे दोन वेगळ्या बर्फांची गल्लत होते.

उत्तर ध्रुवाखाली जमीनच नाही. चार किलोमीटरहून खोल समुद्र आणि त्यावर गोठलेल्या समुद्राच्याच पाण्याचा काही मीटरांचा थर. हा समुद्री बर्फ वाऱ्याबरोबर सरकतो. दिवसभर उत्तरेकडे चालून तंबूत झोपलेली माणसं कधी कधी सकाळपर्यंत मागे वाहून गेलेली असतात. तो तरंगत असतो, म्हणजे स्वतःच्या वजनाइतकं पाणी त्यानं आधीच बाजूला सारलेलं असतं. म्हणून तो वितळल्यानं समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. तरीही तो जाणं भयंकरच आहे. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, त्याच्या जागी आलेलं गडद पाणी ते शोषतं आणि समुद्र आणखी तापतो.

दक्षिण ध्रुवाखाली खंड आहे. रॉबर्ट स्वान हा ब्रिटिश मोहीमवीर १९८६ मध्ये तिथे आणि १९८९ मध्ये उत्तर ध्रुवावर चालत पोहोचला. दक्षिणेला त्याच्या पायाखाली सुमारे २,७०० मीटर जाडीची हिमचादर होती. तिचं पाणी समुद्रात नव्यानं भर घालतं: ग्रीनलँडची चादर पूर्ण वितळली तर पातळी सुमारे ७ मीटर वाढेल, अंटार्क्टिकाची वितळली तर सुमारे ५८. त्याला शतकंच काय, हजारो वर्षं लागतील. पण किनाऱ्यावरच्या वस्त्यांना एखादा मीटरही पुरे.

समुद्री बर्फ आणि हिमचादर या दोहोंच्या मध्ये आइस शेल्फ असतं: जमिनीवरच्या हिमनद्यांचा समुद्रात आलेला तरंगता भाग. २००२ मध्ये अंटार्क्टिकातलं ‘लार्सन बी’ काही आठवड्यांत कोसळलं. तरंगतं असल्यामुळे त्यानं स्वतः पातळी वाढवली नाही, पण दाराचा अडसर निघावा तशा मागच्या हिमनद्या कितीतरी वेगानं समुद्राकडे सरकू लागल्या. मला सर्वांत जास्त काळजी याच भागाची वाटते.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. नंतर उभारलेलं आपलं पहिलं केंद्र ‘दक्षिण गंगोत्री’ अशाच आइस शेल्फवर होतं. ते बर्फात गाडलं गेलं, आणि पुढचं ‘मैत्री’ खडकावर बांधलं.