पार्श्वभूमी : ‘गाक्को नो काइदान’ आणि जपानी शाळेतली भुतं

‘गाक्को नो काइदान’ (‘शाळेतले काइदान’) हा चित्रपट जुलै 1995 मध्ये जपानी पडद्यावर आला तो मुलांसाठी, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर. सुट्टी लागते त्या दिवशी काही मुलं शाळेच्या वापरात नसलेल्या लाकडी इमारतीत शिरतात आणि आत अडकतात, एवढंच कथानक. तिकडे भुतांचा मोसम उन्हाळाच. पितरांचा ओबोन हा सण तेव्हाच येतो, काबुकी या पारंपरिक रंगभूमीवरची भुताची नाटकंही त्याच दिवसांतली. चित्रपट चालला आणि 1999 पर्यंत आणखी तीन भाग निघाले.

या नावातल्या ‘काइदान’चं मराठीत सर्रास ‘भुताची गोष्ट’ होतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. शब्दातल्या दोन चिन्हांपैकी पहिल्याचा अर्थ विलक्षण, अनाकलनीय. दुसऱ्याचा अर्थ बोलणं, सांगणं. भूत त्यात नाहीच. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, लोक रात्री जमून शंभर वाती लावत आणि एकेक गोष्ट संपली की एकेक वात मालवत. सांगणारा आणि ऐकणारा एकाच अंधारात बसलेले असणं, हा काइदानचा गाभा. शिवाय जिन्यालाही जपानीत ‘काइदान’च म्हणतात, फक्त चिन्हं वेगळी. बारा पायऱ्यांच्या जिन्याला रात्री तेरावी पायरी फुटते, ही गोष्ट शाळाशाळांत सांगितली जाते ती उगाच नव्हे.

1988 मध्ये एका अमेरिकी पुस्तकाच्या जपानी अनुवादातून ‘तोशी देन्सेत्सु’, म्हणजे शहरी दंतकथा, हा शब्द आला आणि पुढे शाळेतल्या गोष्टीही त्याच खणात टाकल्या जाऊ लागल्या. मला हे वर्गीकरण चुकीचं वाटतं. शहरी दंतकथा नेहमी मित्राच्या मित्राच्या बाबतीत घडते. शाळेतली गोष्ट आपल्याच इमारतीत, आपल्याच मजल्यावर घडते. तिसरा मजला, मुलींचा संडास, तिसरं दार. तीनदा टकटक करायची आणि विचारायचं, ‘हानाको-सान, आहेस का?’ आतून बारीक आवाजात ‘हो’ येतं. इतका नेमका पत्ता असलेली भीती त्या मुलांना रोज मधल्या सुट्टीत ओलांडून जावी लागते. हानाकोवरचा स्वतंत्र चित्रपटही त्याच जुलैत लागला.

मुळं अर्थात जुनी आहेत. 1872 च्या शिक्षण-आदेशानंतर गावोगाव शाळा उभ्या राहिल्या. पाठीवर मोळी घेऊन चालता चालता वाचणाऱ्या मुलाचे पुतळे 1930 च्या दशकात शाळांच्या आवारात आले. त्यातले ब्राँझचे पुष्कळसे युद्धात वितळवले गेले, मागे दगडाचे आणि सिमेंटचे उरले. हाच पुतळा रात्री मैदानात धावतो, असं मुलं सांगू लागली. 1979 मध्ये मुलांना वाटेत गाठणाऱ्या फाटक्या तोंडाच्या बाईची अफवा देशभर पसरली, तेव्हा काही ठिकाणी मुलांना घोळक्याने घरी पाठवावं लागलं.

तरीही या गोष्टी अभ्यासण्याजोग्या आहेत असं अभ्यासकांना वाटायला वेळच लागला. एका माध्यमिक शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांकडून त्या ऐकल्या, टिपल्या आणि 1990 मध्ये त्यांचं मुलांसाठी पुस्तक केलं. चित्रपटाचा पाया तेच पुस्तक. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, कारण त्या शिक्षकाने मुलांचं बोलणं खुळचट म्हणून झटकलं नाही.

पुढचा प्रवास जास्त माहितीतला आहे. 1998 मध्ये कोरियात मुलींच्या शाळेवरचा भयपट आला. त्याच्या मूळ नावातला ‘ग्वेदाम’ म्हणजे हाच ‘काइदान’, कोरियन उच्चारातला. त्याच वर्षी जपानी दूरचित्रवाणीवर ‘गाक्को नो काइदान’ याच नावाच्या मालिकेतल्या एका विशेष भागात एका तरुण दिग्दर्शकाचे काही मिनिटांचे दोन लघुपट दाखवले गेले. पुढे ‘जू-ऑन’ या शापित घरावरच्या भयपटांतून जगभर पोचलेली कायाको ही भूतबाई त्यातल्याच एकात पहिल्यांदा दिसली. तिथे ना ते शापित घर होतं, ना त्याचा जिना. होत्या फक्त शाळेतल्या सशांना खायला घालणाऱ्या दोन मुली, आणि त्यातल्या एकीचं कापलेलं बोट.