पार्श्वभूमी : २^६७ − १ आणि १६४४ ची यादी

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही एकवीस अंकी संख्या, म्हणजेच २^६७ − १, अडीचशेहून अधिक वर्षे चर्चेत राहिली ती एका यादीमुळे. १६४४ मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूने आपल्या ग्रंथात २५७ पर्यंतचे अकरा घातांक दिले : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. २^न − १ ही फक्त यांच्यासाठीच मूळ संख्या असते, असा दावा होता. सिद्धता दिलेली नव्हती.

१८७६ मध्ये पहिला निकाल लागला : ६७ साठीची संख्या संयुक्त आहे. हे एकही अवयव न शोधता ठरले. ठरावीक क्रमिकेतल्या पदांना त्या संख्येने भागत जायचे आणि शेवटची बाकी पाहायची, अशी ती कसोटी होती.

१८८३ मध्ये यादीत नसलेला ६१ हा घातांक मूळ संख्या देतो, हे सिद्ध झाले आणि वाद उभा राहिला. ६७ हा ६१ चा मुद्रणदोष असावा, असे काहींनी मांडले. १ च्या जागी ७ छापला जाणे सहज शक्य आहे आणि एका दुरुस्तीत दोन चुका मिटतात, त्यामुळे हे म्हणणे आजही पुढे केले जाते. ते फार उदार वाटते. ८९ आणि १०७ हेही घातांक यादीतून सुटले होते, ते १९११ ते १९१४ या काळात उघड झाले. २५७ ची संख्या संयुक्त असल्याचे १९२० च्या दशकात कळले. या तीन चुका कोणत्याही छापखान्याच्या माथी मारता येत नाहीत. ज्या यादीत इतके चुकले, तिथे ६७ तेवढा जुळाऱ्याचा दोष मानायला कसलाच आधार उरत नाही.

२^६७ − १ चे अवयव सापडले ते १९०३ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या एका बैठकीत ते मांडले गेले :

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

या संख्येचा प्रत्येक विभाजक १३४क + १ या रूपात असावा लागतो आणि त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरावी लागते. एवढी चाळणी लावूनही लहान अवयवासाठी क ची किंमत १४,४५,५८० आहे. म्हणजे हातांनी करायचे काम किती होते, याचा अंदाज येतो. वक्त्याने एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार केला, ही आख्यायिका सर्वांना पाठ असते. १८७६ च्या कसोटीला मात्र तिच्या मानाने फारच कमी जागा मिळते, आणि हे न्याय्य नाही. पुढचे सारे काम त्याच कसोटीच्या सुधारित रूपावर उभे राहिले. २०२४ मध्ये मूळ ठरलेल्या २^१३,६२,७९,८४१ − १ या ४,१०,२४,३२० अंकी संख्येची खातरजमाही तिनेच झाली.

२^६७ − १ चे अवयव आता संगणक क्षणात काढतो. २^१२७७ − १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध आहे, पण तिचा एकही अवयव अजून हाती लागलेला नाही.