कोळंबीच्या केसादियात चीज आलं कुठून?

मेक्सिको सिटीत रस्त्याकडेच्या गाडीवर केसादिया मागितली की समोरून प्रश्न येतो, ‘चीज घालून?’ परगावचा मेक्सिकन माणूससुद्धा यावर चक्रावतो. स्पॅनिशमध्ये ‘केसो’ म्हणजे चीज. नावातच चीज आहे, मग हे विचारायचं काय? राजधानीत मात्र तोर्तियात, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीत, भोपळ्याची फुलं भरा की अळंबी, दुमडली की ती केसादिया, आणि चीज हवं तर वेगळं सांगायचं. यावरून बाकीचा देश राजधानीकरांची मनसोक्त टिंगल करतो.

टिंगल रास्त आहे, पण इतिहासात वस्तू नावाहून जुनी निघते. 1521 मध्ये तेनोच्तित्लान, म्हणजे अ‍ॅझ्टेकांची राजधानी, आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी असलेलं शहर, स्पॅनिशांच्या हाती पडलं, तोवर त्या मुलखात ना गाय होती ना शेळी-मेंढी. चीज येणार कुठून? मक्याची तोर्तिया मात्र फार जुनी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची आणि पाट्यावर वाटायचा. हा झाला निश्तमाल. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून तोर्तिया गरम असताना दुमडली तरी तुटत नाही. आपल्या मक्याच्या भाकरीला कडेने तडे जातात, कारण त्या पिठाला चुना लागलेला नसतो. चुन्याचा दुसरा गुण जास्त मोलाचा: मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व त्यामुळे अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुना तिथेच ठेवला, आणि मक्यावरच जगणाऱ्या इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा रोग, पसरला.

स्पॅनिशांबरोबर गाई आल्या, गहू आला आणि कॅथलिक पंचांगही आलं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे मात्र चालतात. श्रावणात मासळीकडे पाठ फिरवणाऱ्या आपल्याला हे उफराटं वाटेल, पण तिथे उपासाच्या दिवसांतच मासळीला उठाव. मेक्सिकोच्या गेरेरो प्रांताच्या किनाऱ्यावर ‘पेस्कादिया’ मिळते. ‘पेस्कादो’ म्हणजे मासा, आणि नावाचा उरलेला भाग केसादियाचा. मासा, बऱ्याचदा मुशी, शिजवून कुस्करायचा, कांदा-टोमॅटोत परतायचा, तोर्तियात भरून तळायचा. चीजचा पत्ता नाही.

मग मासळीशी चीजची गाठ पडली कुठे? माझ्या मते हे काम उत्तरेचं. तिथे गव्हाच्या तोर्तिया चालतात. दिसायला आपल्या पोळीच्या बहिणी, फक्त कणकेऐवजी मैदा आणि त्यात डुकराची चरबी. 1922 पासून कॅनडातून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी चिवावा प्रांतात येऊन वसले. त्यांचं फिकट, लगेच वितळणारं चीज आजही ‘केसो मेनोनिता’ म्हणून विकलं जातं. शेजारच्या सिनालोआ प्रांताला पॅसिफिकचा किनारा आणि कोळंबीची रेलचेल. फ्रान्सिस्को लाबास्तिदा 1987 ते 1992 तिथले गव्हर्नर होते. त्यांच्यासाठी ‘लॉस आर्कोस’ या हॉटेलात कोळंबी, मिरची, कांदा आणि चीज तोर्तियात दुमडून तव्यावर भाजलं गेलं, अशी हकीकत सांगतात. पदार्थाचं नाव पडलं ‘ताको गोबेर्नादोर’, म्हणजे गव्हर्नरचा ताको; ताको म्हणजे सारण घालून दुमडलेली तोर्तिया. नावाने ताको, तव्यावर पाहाल तर केसादियाच.

मासे आणि दूध एकत्र नको, हे चरकसंहितेपासून आपल्या कानांवर आहे. इटलीतही मासळीवर चीज किसलं की भुवया उंचावतात. सिनालोआत ते खपलं, याला चीजचा सौम्यपणा कारण असावा. उग्र चीज कोळंबीची गोडी मारून टाकतं.

घरी करताना मोझरेला बरं. पनीर वितळत नाही. आंबट घालून फाडलेल्या दुधाचा तो स्वभावच. कोळंबीचा घोळ वेगळा. पहिल्यांदा मी ती कच्चीच आत भरली. चीज वितळण्याआधी पाणी सुटलं, पोळी तव्यावर भिजली आणि उलथताना मधोमध फाटली. आता कोळंबी आधी मोठ्या आचेवर परतते, चाळणीत निथळवते आणि चीजच्या दोन थरांमध्ये घालते. वरचा थर वरच्या पोळीला धरतो, खालचा खालच्या. उलथताना काही सांडत नाही.