मेथीतलं डायोस्जेनिन, सांधे आणि कॅन्सर: नक्की काय दिसलंय

हिवाळा आला की मेथीचे लाडू, बाळंतिणीला मेथीचे लाडू, गुडघे कुरकुरायला लागले की रात्री भिजवलेले मेथीदाणे सकाळी उपाशीपोटी, हे आपल्याकडे घरोघरी चालत आलंय आणि त्यात वाईट काहीच नाही. पण हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला एक नवीन शेपूट लागलंय, "मेथी कॅन्सरच्या पेशी मारते, सायन्सने सिद्ध केलंय". हा मेसेज निव्वळ थाप असता तर सोडून दिला असता, पण त्याच्या मागे खरं संशोधन आहे आणि म्हणूनच त्यात काय दिसलं आणि काय दिसलेलं नाही हे नीट सांगायला हवं.

त्या पदार्थाचं नाव डायोस्जेनिन. हे वनस्पतींमधलं स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात पण रसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की कार्बनच्या चार कड्या एका ठरावीक पद्धतीने एकमेकींना जोडलेल्या आहेत. कोलेस्टेरॉलमध्ये तोच सांगाडा, इस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉनमध्ये तोच, आणि मेथीच्या दाण्यातही तोच. दाण्यात मात्र तो सुटा नसतो, त्याला साखरेचे रेणू चिकटलेले असतात आणि अशा जोडीला सॅपोनिन म्हणतात. मेथीच्या कडूपणात या सॅपोनिनचा वाटा आहे. प्रमाण वाणानुसार बदलतं, पण ढोबळमानाने १०० ग्रॅम दाण्यांत अर्धा-एक ग्रॅम डायोस्जेनिन धरा. मेथीपेक्षा कितीतरी जास्त ते काही जंगली कंदांत सापडतं, म्हणजे आपल्या कोकणातल्या करांद्याच्या कुळातले कंद, त्यांची गोष्ट पुढे येतेच.

आता प्रश्न असा की एकच पदार्थ कॅन्सर आणि संधिवात अशा दोन टोकाच्या आजारांसाठी का तपासतात? मला या विषयात सगळ्यात भारी वाटतो तो हाच भाग. आमवातात, म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, सांध्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी बिघडतात. त्या वाढत सुटतात, वेळ झाली तरी मरत नाहीत, आणि कूर्चा आणि हाड पोखरत आत घुसतात. गाठ नसते, दुसऱ्या अवयवात पसरत नाही, पण वागणं बरंचसं ट्यूमरसारखं. पेशीने वेळेवर स्वतःला संपवणं याला अपॉप्टोसिस म्हणतात आणि दोन्हीकडे नेमकं तेच अडलेलं असतं. म्हणून फ्रान्समधल्या लिमोज इथल्या एका ग्रुपने २००१ मध्ये हाडाच्या कॅन्सरच्या पेशींवर डायोस्जेनिन टाकून बघितलं, पेशी मरायला लागल्या, आणि मग २००४ मध्ये आमवाताच्या पेशंटच्या सांध्यातल्या अस्तराच्या पेशींवर तेच केलं, त्याही मरायला लागल्या. गंमत म्हणजे मरताना त्या पेशींत कॉक्स-२ हे एन्झाइम वाढलेलं दिसलं, आणि आपल्या नेहमीच्या सूज उतरवायच्या गोळ्या तर तेच एन्झाइम दाबतात. म्हणजे हा पदार्थ "सूज कमी करतो" एवढं सरळ प्रकरण नाहीये. त्याच सुमारास उंदरांवरच्या प्रयोगात मेथी आणि डायोस्जेनिन दिल्यावर मोठ्या आतड्यातल्या कॅन्सरपूर्व खुणा कमी झालेल्याही दिसल्या.

इथपर्यंत ऐकून लाडवाकडे हात जातो, पण थांबा. हे पेशींवरचे प्रयोग साधारण १० ते ४० मायक्रोमोलर एवढ्या तीव्रतेला होतात. ४० मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे साधारण साडेसोळा मिलिग्रॅम. आपल्या अंगात रक्त पाचेक लिटर, म्हणजे ८० मिलिग्रॅमच्या वर डायोस्जेनिन रक्तात नुसतं फिरत राहायला हवं. आकडा छोटा वाटतो, पण हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आतड्यातून फार थोडा शोषला जातो, आणि जो जातो तो लिव्हर बदलून टाकतं. प्रयोगशाळेतल्या प्लेटमधल्या पेशींना लिव्हर नसतं, आतडंही नसतं, तिथे तो थेट अंगावर ओततात. त्यामुळे प्लेटमध्ये जे झालं ते लाडू खाऊन गुडघ्यात होईल असं म्हणायला आज काहीही आधार नाही, कॅन्सरच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पण डायोस्जेनिनने सांध्यांचं भलं केलंच नाही असं मात्र नाही, खूप केलं, फक्त वेगळ्या रस्त्याने. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन या स्टेरॉइड हार्मोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये त्यांना आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. अडचण ही की कॉर्टिसोन तेव्हा गुरांच्या पित्तातून तीसेक पायऱ्या करत बनवायचे, त्यामुळे ते भयंकर महाग आणि हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या लोकांनाच मिळणारं.

याच्या काही वर्षं आधी रसेल मार्कर नावाच्या हट्टी केमिस्टने डायोस्जेनिनची बाजूची साखळी छाटून त्याचं प्रोजेस्टेरॉन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन बनवायची रीत शोधली होती. कच्च्या मालासाठी तो १९४२ मध्ये मेक्सिकोत वेराक्रूझच्या भागात गेला, तिथला 'काबेसा दे नेग्रो' हा भलामोठा जंगली कंद शोधून काढला आणि त्यातून तब्बल तीन किलो प्रोजेस्टेरॉन केलं, तेही एक ग्रॅमला ८० डॉलर मोजावे लागायचे त्या काळात! १९४४ मध्ये त्यातूनच मेक्सिको सिटीत सिंटेक्स ही औषध कंपनी उभी राहिली. १९५१ मध्ये त्यांनी डायोस्जेनिनपासून कॉर्टिसोन बनवून दाखवलं, आणि १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या लोकांना कळलं की ऱ्हायझोपस ही बुरशी प्रोजेस्टेरॉनमध्ये कॉर्टिसोनसाठी लागणारा ऑक्सिजन नेमक्या अवघड जागी बसवून देते. पित्ताचा लांबलचक रस्ता सुटला, कॉर्टिसोन स्वस्त झालं. पुढे लाखो लोकांच्या सांध्यात, दम्यात, त्वचेच्या आजारात जी स्टेरॉइड औषधं वापरली गेली त्यातली कितीतरी मेक्सिकोतल्या अशा जंगली कंदांतून आली, आणि ते कंद जंगलातून खणून आणणारे तिथले शेतकरी मात्र फारसे कोणाला माहीत नाहीत.

पण हे सगळं फॅक्टरीत झालं, ॲसिड, सॉल्व्हंट आणि बुरशी वापरून. माणसाच्या शरीरात डायोस्जेनिनचं प्रोजेस्टेरॉन किंवा कॉर्टिसोन करणारं एन्झाइमच नाही. त्यामुळे परदेशात 'नॅचरल प्रोजेस्टेरॉन' म्हणून जंगली कंदाच्या अर्काची जी क्रीम्स खपवतात ती अंगाला चोळून हार्मोन तयार होत नाही, कितीही चोळा. उलट आपण डायोस्जेनिनला फुकट मिळणारं हार्मोन समजलो तर त्याचं खरं संशोधन बाजूलाच राहतं. आज केमिस्ट या रेणूला वेगवेगळे तुकडे जोडून, नाहीतर अतिसूक्ष्म कणांत भरून तो रक्तात नीट पोचेल का ते बघतायत आणि ते काम अजून बहुतेक पेशी आणि उंदरांपर्यंतच आहे.

लाडू मात्र खुशाल खा. मेथीत फायबर भरपूर, जेवणानंतरची साखर हळू चढते, त्यासाठी डायोस्जेनिनची गरजही नाही. फक्त चमचे-चमचे मेथी पावडर किंवा कॅप्सूल घेणार असाल आणि डायबेटिसच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, शुगर फार उतरू शकते आणि रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. गरोदरपणात मोठे डोस नकोतच. आणि घरात कोणी मेथी सुरू केली म्हणून आमवाताची मेथोट्रेक्सेटची गोळी किंवा केमो थांबवायचा विचार करत असेल तर कृपया आजच त्यांच्याशी बोला, आमवातात एकदा पोखरलेलं हाड आणि कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.