मोटारीच्या चाकांवरील जुना लेप उतरवणे

टायर काढून मोकळ्या केलेल्या चाकावरील रंग, पावडर कोटिंग (भुकटी लावून भट्टीत पक्का केलेला लेप) किंवा पारदर्शक लॅकर मूळ धातूपर्यंत काढून टाकण्याची क्रिया. क्रोमचा मुलामा उतरवण्याची पद्धत निराळी असल्याने तिचा येथे समावेश केलेला नाही. मुंबईच्या गॅरेजांत नुसत्या चाकाला ‘डिस्क’ म्हणतात आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकाला ‘अलॉय’ किंवा ‘मॅकव्हील’ म्हणतात.

‘मॅकव्हील’ हा ‘मॅग व्हील’चा अपभ्रंश असून त्यातील ‘मॅग’ म्हणजे मॅग्नेशियम होय. शर्यतीच्या मोटारींना मॅग्नेशियमची चाके बसवली जात, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. आज या नावाने विकली जाणारी बहुतेक चाके ॲल्युमिनियमची असतात. ओतीव चाकांच्या नेहमीच्या मिश्रधातूत सिलिकॉन सुमारे ७ टक्के, तर मॅग्नेशियम अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. ॲल्युमिनियमच्या चाकाचा आरंभ सामान्यतः १९२४ च्या ‘बुगाटी टाइप ३५’ पासून मानतात. अमेरिकेतील प्रयत्न त्याआधीचे असल्याचेही सांगितले जाते. तथापि प्रत्यक्ष उत्पादनात आलेले चाक हा निकष धरल्यास पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. नावाची ही चर्चा लेप उतरवताना व्यवहारातही महत्त्वाची ठरते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, पण मॅग्नेशियमला फारसा बाधत नाही. उलट आम्ल मॅग्नेशियमवर झपाट्याने क्रिया करते आणि त्या धातूचा बारीक चुरा पेट घेऊ शकतो. म्हणून कोणतेही रसायन हाती घेण्यापूर्वी खालचा धातू ओळखणे ही या कामाची पहिली पायरी होय.

मुंबईत हे काम मुख्यतः खाऱ्या दमट हवेमुळे निघते. फुटपाथच्या कडेला घासून किंवा खड्ड्यात आपटून लॅकरला चीर पडली की तेथून ओल आणि क्षार आत शिरतात आणि लॅकरखाली केसासारख्या पांढुरक्या नागमोडी रेषा पसरू लागतात. या तंतुरूप क्षरणावर नुसता रंगाचा हात मारल्यास तो काही महिन्यांत फुगतो, कारण क्षरण आतल्या आत चालूच राहते. दर्शनी भाग लेथवर कातून केवळ लॅकरने झाकलेल्या ‘डायमंड कट’ चाकांत हा दोष विशेष आढळतो. लोखंडी चाकांचा प्रश्न वेगळा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या आणि ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून हद्दपार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या चाकांवर पासिंगच्या आधी नवा हात मारला जाई, त्यामुळे थरावर थर साचत.

रासायनिक पद्धतीत ‘रिमूव्हर’ ब्रशने जाडसर लावतात. डायक्लोरोमिथेन हा जुन्या रिमूव्हरचा मुख्य घटक. तो लेप विरघळवण्यापेक्षा त्यात शिरून तो फुगवतो आणि धातूवरची त्याची पकड सोडवतो. दहा-पंधरा मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडतात आणि पावडर कोटिंग तर सालीसारखे सुटून येते. हा द्रव सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणून उन्हाळ्यात तो काम होण्याआधीच उडून जाऊ नये यासाठी चाक प्लॅस्टिकच्या कागदाने झाकतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड असून बंद गाळ्यात जमिनीलगत साचते. श्वासावाटे शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत २०१९ मध्ये रंग उतरवण्यासाठी त्याची किरकोळ ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्यात आली. बेंझिल अल्कोहोलयुक्त रिमूव्हरला तास लागतात, पण तो स्वीकारणेच इष्ट. लोखंडी चाके तापवलेल्या कॉस्टिकच्या टाकीत बुडवली तरी चालतात. ॲल्युमिनियमचे चाक त्यात गेल्यास मात्र द्रव फेसाळतो, हायड्रोजन सुटतो आणि पृष्ठभाग काळवंडून खडबडीत होतो.

लेप जाळून काढण्याची पद्धत ॲल्युमिनियमसाठी त्याज्य मानावी. अशी अनेक चाके ओतल्यानंतर सुमारे ५४० अंशांना तापवून पाण्यात थंड करतात आणि मग १५० ते १७० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. या दुसऱ्या टप्प्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूत विखरून तयार होतात व त्यांच्यामुळेच चाकाला बळकटी येते. भट्टीत किंवा ब्लो लॅम्पखाली तापमान ४०० अंशांच्या घरात गेले की हे कण वाढून जाडे होतात आणि धातू मऊ पडतो. वरून पाहता चाक पूर्वीसारखेच दिसते, आणि धोका नेमका तोच आहे. पावडर कोटिंग पक्के करण्यासाठी चाक साधारण १८० ते २०० अंशांत दहा ते वीस मिनिटे ठेवावे लागते. एकदा असे केल्याने फारसे बिघडत नाही, हे मत व्यवहारात प्रचलित आहे. वारंवार केल्याचा परिणाम मात्र साचत जातो, म्हणून किती वेळा कोटिंग झाले याची नोंद ठेवणे सयुक्तिक ठरते.

ब्लास्टिंगचे, म्हणजे वाळू किंवा इतर कण जोराने मारून लेप उडवण्याच्या पद्धतीचे, पेटंट बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये अमेरिकेत घेतले. वाऱ्याने उडणाऱ्या वाळूने खिडकीच्या काचा धुरकट झालेल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली, ही कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावी. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या सूचनीय (सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या) रोगांत त्याचा समावेश होता. ॲल्युमिनियमवर काचेचे मणी किंवा प्लॅस्टिकचे दाणे कमी दाबाने मारणे योग्य, कारण जाड कणांनी पडलेले खड्डे नव्या लॅकरखालूनही दिसतात. जाळीच्या खाचा आणि नटांची भोके यांत शेवटी पॉलिश पेपर हातानेच चालवावा लागतो.

टायरची कड जेथे बसते तो भाग खरवडू नये, अन्यथा हवा गळते. नट बसतात त्या जागी रंगाचा जाड थर राहिल्यास तो दबून नट सैल होतात. लोखंडी चाक पावसाळ्यात उघडे ठेवल्यास काही तासांतच तांबूस होते, म्हणून त्याच दिवशी प्रायमर मारतात. सुटलेल्या रंगाचा गाळ गटारात सोडू नये; जुन्या पिवळ्या व लाल रंगांत शिशाचे क्रोमेट असू शकते. मुंबई परिसरातील घातक कचऱ्यासाठी तळोजा येथे सामायिक प्रक्रिया केंद्र आहे.