मिरचीच्या रोपाची मान का मोडते?

मृग लागला की नागपुरात घरोघरी काही ना काही पेरलं जातं. कुणाच्या गच्चीवर वांगी, कुणाकडे टमाटर, सांबार तर जवळपास सगळ्यांकडेच. मी यंदा मिरची लावली. भिवापूरहून आलेल्या वाळल्या लाल मिरच्यांतलं बी काढलं, बागेतली काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं करून एका पसरट ट्रेमध्ये भरलं आणि ४० बिया टाकल्या. बाराव्या दिवसापर्यंत ३४ उगवल्या. मग तीन दिवसांची झड लागली. ट्रे सज्जाखाली होता, पाऊस थेट पडत नव्हता, म्हणून मी रोज पाणी घालत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी एका कोपऱ्यातली सात रोपं आडवी झालेली दिसली.

"पाणी कमी पडलं वाटते," शेजारच्या काकू म्हणाल्या. मलाही तेच वाटलं. पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी नऊ रोपं पडली, तीही पहिल्या सातांना लागूनच, गोल पसरत गेल्यासारखी.

तेव्हा एक रोप अलगद उचलून भिंगाखाली धरलं. दोन्ही बीजदलं हिरवीगार, ताजी होती. खोडही वरच्या भागात ठणठणीत. पण जिथे खोड मातीतून बाहेर येतं, तिथे अर्धा सेंटिमीटरभर भाग तपकिरी, पाणथळ आणि शिवायच्या दोऱ्याइतका बारीक झालेला. जरा ओढताच रोप तिथूनच तुटलं. तहानलेलं रोप असं दिसत नाही. त्याची पानं आधी लोंबतात, खोडाची मान शाबूत असते, माती बोटाला कोरडी लागते आणि पाणी मिळालं की ते तास-दोन तासांत पुन्हा उभं राहतं. माझी रोपं तहानेने पडली नव्हती. त्यांची मान कुणीतरी खाल्ली होती.

शेतकरी याला रोपं कोलमडणं किंवा नुसतं 'मर' म्हणतात. मिरची, वांगी, टमाटर, कोबी, तंबाखू, कुणाचीही कोवळी रोपं यातून सुटत नाहीत. कारणीभूत जीव अनेक आहेत, पण आपल्याकडच्या ओल्या, उबदार पावसाळ्यात बहुतेक वेळा संशयित असतो तो पिथियम. बिहारमधल्या पुसा इथल्या शेतकी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एडविन बटलर यांनी १९०७ साली याच पिथियमवर सविस्तर ग्रंथ लिहिला होता. म्हणजे भारतातल्या वनस्पतिरोगशास्त्राच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांपासून हा जीव अभ्यासकांच्या समोर आहे.

आपण त्याला बुरशी म्हणतो, पण पिथियम खरी बुरशी नाहीच. दिसायला तसेच पांढरे तंतू असले, तरी नातं आहे समुद्रातल्या तपकिरी शैवालाशी. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका मुख्यतः कायटिनवर उभी असते, पिथियमच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं. हा फरक पुस्तकापुरता नाही. कृषी सेवा केंद्रात 'बुरशीनाशक द्या' म्हटलं की पुष्कळदा कार्बेन्डाझिम हातात पडतं, आणि ते पिथियमवर चालत नाही. खऱ्या बुरशीत ते ज्या प्रथिनाला पकडून पेशींचं विभाजन थांबवतं, त्यावर पिथियममध्ये त्याची पकड बसत नाही. तुमच्या ट्रेमध्ये पिथियम असेल, तर ती फवारणी करूनही रोपं पडतच राहतील.

आणि हा जीव पोहतो! मातीतल्या फटींत पाणी साचलं की त्याचे चलबीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात. कोवळ्या मुळांतून पाझरणाऱ्या साखरेच्या आणि अमिनो आम्लांच्या दिशेने ते पोहत जातात, मुळाला किंवा खोडाला चिकटतात, शेपट्या टाकून देतात आणि आत शिरतात. मग पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळवणारी विकरं सोडतात. म्हणून मान पाणथळ दिसते. एखादं रोप लागलं की तंतू शेजारच्या रोपापर्यंत पोहोचतात. माझ्या ट्रेमधला तो गोल असाच वाढला होता, आणि मी घातलेल्या पाण्याने चलबीजाणूंना वाटच करून दिली होती.

इथे आपल्या काळ्या मातीचा मुद्दा येतो. कापसाला हीच माती पोसते, पण ट्रेमध्ये ती रोपाला जड जाते. तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी धरून फुगते आणि हवेच्या जागा बंद करते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, त्यामुळे मुळं गुदमरतात आणि दुबळी होतात. आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे: वाफसा. ओल आहे, पण हवाही आहे, अशी मातीची अवस्था. रोपवाटिकेचं निम्मं शास्त्र या एका शब्दात आहे. वाफसा असेल तर मूळ श्वास घेतं आणि पिथियमला पोहायला पाणी मिळत नाही. गादीवाफा जमिनीपासून वीतभर उंच करतात तो यासाठीच.

उरलेल्या १८ रोपांसाठी मी एवढंच केलं. पडलेली रोपं भोवतीच्या मातीसकट चमच्याने काढून टाकली. ट्रेला खालून भोकं वाढवली. पाणी फक्त सकाळी, तेही वरची माती सुकल्यावरच. ट्रे सज्जाच्या काठाशी सरकवला, जिथे उजेड आणि वारा दोन्ही लागतो. उजेड कमी पडला की रोप लांबुळकं, फिकट आणि मऊ वाढतं, आणि अशा मऊ मानेत पिथियमला शिरणं सोपं जातं. खत अजिबात दिलं नाही, कारण खरी पानं येईपर्यंत रोपाला बियांतली शिदोरी पुरते. पुढच्या आठवड्यात दोनच रोपं गेली. बाकीच्यांना चौथं पान फुटलं आणि खोड हाताला टणक लागायला लागलं. खोडाच्या पेशींत लिग्निन, म्हणजे खोडाला टणक करणारा पदार्थ, साठला की हा धोका बराच कमी होतो. म्हणजे लढाई असते ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांची.

पुढच्या वर्षी मात्र मी मातीपासूनच सुरुवात करणार आहे. १९७६ साली इस्रायलमध्ये याकोव कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून तिला उन्हात चार ते सहा आठवडे तापवलं, तर रोगकारक जीव मोठ्या प्रमाणात मरतात. त्यासाठी लागणारं ऊन नागपूरइतकं कुठे मिळणार? एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा आपण वैतागतो, पण प्लास्टिकखालची वरची माती त्याहूनही तापते. माती आधी ओली करायची, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते आणि सुप्त बीजाणू जागे होऊन लवकर मरतात. प्लास्टिक काळं नको, पारदर्शकच हवं, आणि कडा मातीने दाबून बंद करायच्या. वाफ्यात हे केलं असेल, तर नंतर माती खोल खणू नका. तळाची माती तेवढी तापलेली नसते, आणि ती वर आली की पिथियमही तिच्यासोबत वर येतो.